धुतलेली हाक

मी जवळ आलो आणि हाक थांबली. एवढंच झालं, दुसरं काही नाही. बाजारातून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर कापसाची एक गाडी आस मोडून कलंडली होती आणि आठ-दहा हमाल तिच्याखाली खांदे घालून तिला उचलत होते. ऐन दुपार, बाजाराचा दिवस, धुळीत कापसाची बोंडं पसरलेली. माझ्या हातात पळसाच्या पानात बांधलेला अच्छेर गूळ होता. लांबूनच मला हाक ऐकू येत होती. एकजण ओरडायचा, बाकीचे हैश्या म्हणायचे आणि दर हैश्याला गाडी बोटभर वर यायची. मग त्यांच्यातल्या एकाने मला पाहिलं. हाक देणाऱ्याचा शब्द तोंडात अर्धाच राहिला. गाडीचं ओझं तसंच खांद्यावर, मानेच्या शिरा फुगलेल्या, एकाच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम थेंबथेंब गळतोय, आणि सगळे गप्प. त्या अवस्थेतच एकजण म्हणाला, ‘रामराम साहेब.’ ते मी निघून जाण्याची वाट पाहत होते. ओझ्याखाली मोडतील, पण माझ्यासमोर तोंड उघडणार नाहीत. मी पाय उचलला. पिंपळाच्या वळणापलीकडे गेलो तेव्हा कुठे मागे हाक पुन्हा सुरू झाली. माझ्या तोंडात घाण चव आली, पितळेचं भांडं चाटल्यासारखी. थुंकलो. ती गेली नाही.

आता खामगावातल्या हमालांनासुद्धा माझी कीर्ती कळली म्हणायची. मी हिंमतराव, प्रेसमधला सुपरवायझर. गाठी बांधण्याच्या कारखान्याला इकडे नुसतं प्रेस म्हणतात. मूळचा देऊळघाटचा. घरी जमीन आहे, ती भाऊ करतात. मला वडिलांनी शिकायला पुण्याला धाडलं होतं. पुण्यात पहिल्याच दिवशी खानावळीत पाटावर बसलो आणि म्हणालो, ‘मले वरण पाह्यजे.’ पंगत हसली. वाढपीसुद्धा हसला, आणि त्याच्या हातातलं वरण माझ्या मांडीवर सांडलं. पुढची तीन वर्षं त्या खानावळीत माझं नाव ‘मले’ होतं. ‘अहो मले, भात घ्या.’ ‘मले आज आले नाहीत वाटतं.’ त्या दिवसापासून मी माझ्या जिभेवर पहारा बसवला. परीक्षा काही साधली नाही, पण भाषा साधली, आणि ती घेऊन मी वऱ्हाडात परत आलो. लोक तिकडून निदान सनद आणतात. मी न आणि ण यांतला फरक घेऊन आलो आणि तो छातीवर बिल्ल्यासारखा लावून फिरलो. आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला नोकरीवर ठेवलं तेही त्याच बिल्ल्यापायी. ते नागपूरचे, बोलणं अतिशय गोड. कधी कोणाला अरे म्हणाले नाहीत. प्रेसला ते ‘आपलं कुटुंब’ म्हणायचे. मुलाखतीत मी दोन वाक्यं बोललो, तर म्हणाले, ‘वा! कानाला बरं वाटलं. नाहीतर इथे सगळा चिखल आहे हो.’ मी हसलो. माझी आई त्या चिखलातच बोलते, हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी हसलोच असतो.

आमच्या प्रेसमध्ये हाक देणारा होता कडूबा. मूळचा धामणगाव बढ्याचा, पन्नाशीचा, काटकुळा, पागोट्याखाली चेहरा बोराच्या बीएवढा. यार्डात काही जड हलवायचं असलं की चोवीस माणसं दोन दोरांना लागायची आणि कडूबा बाजूला उभा राहायचा. दोराला हात लावायचा नाही. नुसता ओरडायचा. नवा आलो तेव्हा मी हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. हा माणूस करतो काय? तेव्हा म्हातारे मिस्त्री म्हणाले, ‘सायेब, तो हाये म्हनून दोर हाये.’ मला ते अडाण्याचं बोलणं वाटलं. पुढे पाहून पाहून कळलं. कडूबा एक ओळ म्हणायचा, माणसं हैश्या म्हणायची, पण ओढायची नाहीत, नुसता दोर ताणून धरायची. दुसरी ओळ, हैश्या. तिसरी ओळ, हैश्या. चौथ्या ओळीच्या शेवटी एक घाणेरडा शब्द यायचा. तो येणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तो यायच्या आधीच पोटात हसू गोळा व्हायचं, दम भरायचा आणि तो शब्द चोवीस तोंडांतून एकदम फुटायचा. त्या शब्दाला ओढ. दगडी जातं असो, लोखंडी दांडा असो, हातभर सरकलाच पाहिजे. ओळी रोज नव्या असायच्या. मॅनेजरसाहेबांच्या टकलावर, मालक शेठजींच्या पोटावर, मिस्त्रींच्या दुसऱ्या बायकोवर. आणि एक रीत होती. हाकेत ज्याचं नाव निघेल त्याने रागवायचं नाही. त्याने गडीमाणसांना गूळ वाटायचा. साहेब, शेठजींची नुसती टिंगल; नाव मात्र आपल्यातल्याचंच निघायचं. म्हातारे मिस्त्री वर्षातून चारदा गूळ वाटायचे आणि मिशीतल्या मिशीत खूश असायचे.

गेल्या भाद्रपदात माझं नाव निघालं. त्याचं असं झालं, आई आजारी होती आणि मी मॅनेजरसाहेबांकडे रजा मागायला गेलो. म्हणालो, ‘मातोश्रींची प्रकृती बिघडली आहे.’ कडूबा दारात उभा होता. दोन दिवसांनी मी देऊळघाटहून परतलो, फाटकातून आत शिरलो, तर यार्डात एक लोखंडी चाक सरकवणं चाललं होतं आणि कडूबाचा गळा लागला होता:

‘देऊळघाटचा राघू रे!’
‘हैश्या!’
‘मायले म्हन्ते मातोश्री रे!’
‘हैश्या!’
‘शौचाले म्हनून जाते रे!’
‘हैश्या!’
‘जाऊन करते काय रे…’

आणि मग तो शब्द, चोवीस तोंडांतून, आणि चाक एका दमात ओट्याला जाऊन लागलं. एवढी जोरदार ओढ मी त्या यार्डात पाहिली नव्हती. मला काय झालं ते आज सांगतो. खानावळीतलं वरण पुन्हा मांडीवर सांडलं. तसंच गरम, तसंच चिकट. चाक सरकलं हे दिसलंच नाही, हसणारे दात तेवढे दिसले. दुपारी तुळशीराम माझ्याकडे आला. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, जड वस्तूच्या मागे पाचर ठोकण्याचं काम करायचा. हसत हसत त्याने उजवा हात पुढे केला, पंजा उघडा, आणि म्हणाला, ‘सायेब, आज तुमचं नाव घेतलं. गूळ पाह्यजे.’ त्याच्या पंजावर तेलाचे काळे डाग होते आणि अंगठ्याच्या बुडाशी जुनी जखम. मी म्हणालो, ‘हात खाली घ्या. हे कारखान्याचं आवार आहे, तमाशाचा फड नाही.’ त्याला क्षणभर कळलंच नाही. हात तसाच राहिला. मग त्याने तो धोतराला पुसला, जणू मी त्यावर काही टाकलं होतं. खरं म्हणजे टाकलंच होतं.

पण मी कच्च्या गुरूचा चेला नव्हे. राग आला म्हणून मी हाक बंद केली नाही. मी कारण मिळेपर्यंत थांबलो. ते मला मॅनेजरसाहेबांनीच आणून दिलं. दिवाळीआधी नवा बॉयलर येणार होता आणि तो ओट्यावर चढवण्याच्या दिवशी बुलढाण्याहून मोठे साहेब मडमेसह कारखाना पाहायला येणार होते. ‘मडम मराठी शिकली आहे म्हणतात,’ मॅनेजरसाहेब म्हणाले. ‘हिंमतराव, आपल्या कुटुंबाची तोंडं जरा गाळून घ्या. तुमच्यासारखा माणूस असल्यावर मला काळजी नाही.’ ते शेवटचं वाक्य मी घरी येईपर्यंत तोंडात चघळत होतो. तुमच्यासारखा माणूस. रात्री कंदील लावून मी चार ओळी लिहिल्या. उद्योगाची कीर्ती वाढो, शेठजींना यश लाभो, साहेबांचे स्वागत असो, एकजुटीने ओढू या. लिहून विमलला वाचूनही दाखवल्या, लाज नाही. माझी बायको माझ्यासमोर जपून बोलते आणि शेजारणींशी मोकळी बोलते. तिने ज्वारी पाखडता पाखडता ऐकलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘चांगलं हाये. पन ह्याच्यात ओढाचं कुठी?’ मी कागदाची घडी घातली. आठ दिवसांनी मला त्याचं उत्तर मिळालं.

कडूबाला वाचता येत नव्हतं. तीन दिवस दुपारच्या सुट्टीत मी त्याला ऑफिसच्या पायरीवर बसवून ते पाठ म्हणून घेतलं. तो ‘येश’ म्हणायचा, मी ‘यश’ म्हणायला लावायचो. तो ‘सवागत’ म्हणायचा. मी त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचो. बाकीचे गडी भाकरीचे तुकडे हातात धरून लांबून पाहत बसायचे. त्या पन्नाशीच्या माणसाचा गळा, ज्याच्यावर चोवीस माणसांचं बळ चालायचं, तो माझ्यापुढे पंतोजीसमोरच्या पोरासारखा अडखळायचा. आणि मला बरं वाटायचं. हे लिहितानाही किळस येते, पण बरं वाटायचं हे खरं आहे. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘सायेब, एक बोलू का? ह्याच्यात हसू कुठी येते? हसू आलं का पोटात दम भरते, मंग ओढ होते. ह्या बोलावर मानसं ओढतीन कवा?’

मी म्हणालो, ‘शेवटच्या शब्दावर. ओढू या, असं स्पष्ट लिहिलं आहे ना?’

‘लिवलं हाये, पन…’

‘हसण्यासाठी तुम्हाला मजुरी मिळत नाही, कडूबा.’

त्याने कागद मागून घेतला, वाचता येत नसताना. पागोट्याच्या पदरात खोचला आणि म्हणाला, ‘बरं. तुमी म्हन्ता तं म्हन्तो.’

बॉयलर चढवायच्या दिवशी सकाळपासून सगळ्यांना धुतलेली धोतरं नेसून उन्हात उभं केलं होतं. फाटकाला आंब्याची तोरणं. बॉयलर चढणीच्या पायथ्याशी बाभळीच्या गोल ओंडक्यांवर ठेवलेला, काळा, अवाढव्य, तेलाच्या वासाचा. फाटकापासून तिथपर्यंत तो तीन दिवसांत आणला होता, जुन्याच हाकेवर, शेठजींच्या पोटावर आणि मिस्त्रींच्या बायकोवर. आता चढण उरली होती. कामाची पद्धत अशी, की ओढ झाली की बॉयलर हातभर वर जायचा, माणसं दोर ताणून धरून दम घ्यायची आणि तेवढ्यात मागे बसलेला तुळशीराम ओंडक्याखाली पाचर सारायचा, म्हणजे तो घसरून मागे यायचा नाही. पाचर सारायला हात आत घालावा लागतो. ओढ केव्हा झाली आणि केव्हा संपली, हे तुळशीराम बघत नसे, त्याला दिसतच नसे. तो ऐकत असे. घाणेरडा शब्द आला की ओढ, आणि त्यापाठोपाठ हसण्याचा लोट आला की हात आत. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं, कळलं ते मागाहून. साहेबांची मोटार येईना. मॅनेजरसाहेब घड्याळ बघत म्हणाले, ‘सुरुवात करून टाका. मोटार आत येईल तेव्हा काम रंगात आलेलं दिसलं पाहिजे.’ मी कडूबाला खूण केली.

त्याने हाक दिली. एकही चूक केली नाही. यश म्हणाला, स्वागत म्हणाला. चोवीस माणसं हैश्या म्हणाली, देवळातल्या आरतीला चुकून आलेल्या माणसांसारखी, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. ‘एकजुटीने’ म्हणताच अर्ध्यांनी ओढलं. ‘ओढू या’ला उरलेल्यांनी ओढलं, तेव्हा पहिल्यांनी दम सोडला होता. बॉयलर थोडा वर गेला, थबकला. कुठे हसू नाही, काही नाही. नुसती शांतता. ती शांतता तुळशीरामाला दम घेण्याची वाटली. त्याने हात आत घातला, आणि बॉयलर वीतभर मागे आला. त्याच्या ओरडण्याचा आवाज मला आठवत नाही. ओंडका फिरल्याचा आवाज आठवतो, ऊस चरकात जावा तसा. पुढे दोराच्या टोकाला असलेल्यांना काहीच दिसलं नव्हतं. त्यांच्यातला एकजण अजून ‘हैश्या’ म्हणत होता, एकटाच. तुळशीरामाला बाजेवर घालून दवाखान्यात नेल्यावर अर्ध्या तासाने सायकलवरून एक शिपाई आला. साहेबांचा दौरा रद्द झाल्याची चिठ्ठी होती. ती सकाळीच निघाली होती, वाटेत पंक्चर झालं. मॅनेजरसाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘सुटलो.’

त्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

चौकशीला एक साहेब आले. टेबलावर कागद, शेजारी मॅनेजरसाहेब, समोर कडूबा हात जोडून उभा, मी बाजूला. साहेबांनी विचारलं, हाक देताना काय शब्द म्हटले जात होते? प्रश्न कडूबाला होता, पण त्यांनी माझ्याकडे पाहून विचारला, कारण मी शुद्ध बोलणारा. कडूबाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पागोट्याच्या पदरात कागदाचं टोक दिसत होतं, माझ्या अक्षरातलं. त्याने ते काढून टेबलावर ठेवलं असतं तर संपलं होतं. त्याने काढलं नाही. त्याला वाटलं मी सांगेन. त्याला तसं वाटलं हे मला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. आदल्या दिवशी मॅनेजरसाहेब मला म्हणाले होते, ‘कुटुंबाची अब्रू आपल्या दोघांच्या हातात आहे, हिंमतराव.’ मी म्हणालो, ‘नेहमीचेच.’

एक शब्द. शुद्ध, अचूक उच्चाराचा. त्या एका शब्दावरून पुढचं सगळं आपोआप लिहिलं गेलं. हाक देणाऱ्या इसमाने नेहमीप्रमाणे अश्लील थट्टा केल्याने मजुरांना हसू आवरले नाही, पकड ढिली पडून अपघात घडला. हयगय. मॅनेजरसाहेबांना तो शब्द फार आवडला. त्यांनी तो खाली रेघ ओढून घालायला लावला. आणि कडूबा तिथे उभा राहून ऐकत होता. हसू आलं असतं तर तो हात वाचला असता, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. ‘तुझं म्हणणं काय?’ असं साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने मान खाली घातली. म्हणाला, ‘सायेब म्हन्तात तं तसंच आसन.’

कडूबाची नोकरी गेली. बॉयलर शेवटी बाहेरून कप्प्या आणि साखळ्या आणून चढवला. तो वाफ सोडतो, गाठी बांधल्या जातात, कोणाचं काही अडलं नाही. यार्डातली हाक मात्र बंद झाली. मी बंद केली नाही. त्यांनीच केली. आता जड काही हलवायचं तर मिस्त्री बोटं मोजतात, एक, दोन, तीन, आणि जे काम अर्ध्या तासाचं त्याला दुपार लागते. माझ्याशी सगळे नीट बोलतात. ‘हाव’ म्हणणारे ‘होय साहेब’ म्हणतात. माझी सावली पडली की घोळक्यातलं बोलणं चिमटीने धरून बाजूला ठेवतात. पंधरा दिवस मला वाटलं, शिस्त आली. मग एक दिवस दुपारी मी मुद्दाम पाय घसरून चिखलात पडलो. अगदी मुद्दाम, धोतर बरबटेपर्यंत. चारजण धावत आले, मला उठवलं, माझी टोपी पुसून दिली. एकाच्याही ओठाचा कोपरा हलला नाही.

काल मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. खिडकीतून यार्डाकडे हात करून म्हणाले, ‘ऐका, काही ऐकू येतंय? किती शांतता! ही तुमची कमाई.’ मग एक पत्र पुढे सरकवलं. खामगावातल्या सगळ्या प्रेसना पाठवायचं होतं. कडूबा नावाचा इसम हयगयीबद्दल काढलेला आहे, त्यास यार्डाच्या कामावर घेऊ नये. त्या माणसाला दुसरं काही येत नाही. दोर ओढायची ताकद नाही, शेत नाही, आहे तो गळा. ‘साक्षीदार म्हणून तुमची सही,’ साहेब म्हणाले. मी टाक शाईत बुडवला. सही नेहमीपेक्षा चांगली आली.

आणि आज मी गूळ घेतला. विमलने विचारलं नाही कुणासाठी. तिने पिशवी दिली तर मी नको म्हणालो. उघड्या हातात न्यायचा होता. एवढ्या भरल्या बाजारातून चालताना मला वाटत होतं, कोणीतरी विचारावं. ज्याला त्याला गुळाची ओढ, माशांना पहिली. पान फाटलं होतं, गूळ उन्हाने मऊ होऊन बोटांना लागत होता आणि हिरव्या माशा मनगटापर्यंत येऊन बसत होत्या. मी झटकत नव्हतो. त्या कलंडलेल्या गाडीपासून कडूबाच्या वस्तीपर्यंत पाच मिनिटांचा रस्ता आहे. तेवढ्यात मी मनात ठरवलं, की तो मला शिव्या देईल. तो राघूची हाक देईल, अंगणात जे असतील ते हैश्या म्हणतील, शेवटचा शब्द माझ्या तोंडावर फुटेल आणि मग मला श्वास घेता येईल. पत्र अजून टपालात पडलेलं नव्हतं, शिपाई सोमवारी नेणार होता. एक शिवी मिळाली, एकच, तर मी परत जाईन आणि ते फाडीन, असंही ठरवलं. पाहा माझी अक्कल. ज्याचा गळा मी कापला, त्यानेच मला बळ द्यावं म्हणून हात पसरायला निघालो होतो.

कडूबाच्या अंगणात कडुनिंबाखाली तिघं होती. कडूबा आंबाडीचा दोर वळत होता. बाजेवर तुळशीराम, उजवा हात फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला. चुलीपाशी तुळशीरामची आई झुंबरबाई. मी आत शिरण्यापूर्वी ती काहीतरी सांगत होती आणि कडूबा हसत होता. मी तो हसण्याचा आवाज स्पष्ट ऐकला. मग मी दिसलो. कडूबा उठला. त्याने घोंगडी झटकून पसरली. मी बसलो नाही. गुळाचा खडा तुळशीरामापुढे बाजेवर ठेवला आणि म्हणालो, ‘माझं नाव निघालं होतं. गूळ राहिला होता.’

तुळशीरामाने गुळाकडे पाहिलं. उजवा हात फडक्यात तसाच राहिला. झुंबरबाई म्हणाली, ‘कायचा गूळ रे हा?’

मी म्हणालो, ‘कडूबा, मी खोटं बोललो. तुमचं काही चुकलं नव्हतं. कागद माझा होता.’

‘जी,’ कडूबा म्हणाला.

‘ते तुम्हाला ठाऊक आहे.’

‘जी.’

‘मग बोला ना! शिव्या द्या. काऊन गप बसले? मले शिव्या द्या ना, बे!’

किती वर्षांनी माझ्या तोंडातून ‘मले’ निघालं. माझं मलाच ते खोटं वाटलं, भाड्याच्या कपड्यासारखं. कडूबाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तेव्हा मी ते केलं. त्या अंगणात, भर दुपारी, शेजारच्या दारातून दोन बायका बघत असताना, मी हाक दिली. गळा फाडून म्हणालो, ‘देऊळघाटचा राघू रे!’ आणि थांबलो. हैश्याची वाट पाहिली. कडुनिंबावर एक कावळा होता तो उडाला. मी पुन्हा म्हणालो, ‘मायले म्हन्ते मातोश्री रे!’ माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. तुळशीराम आपल्या फडक्याची गाठ बघत होता. झुंबरबाईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसू दाबते आहे. पण ती धूर लागला म्हणून डोळे पुसत होती. तिसरी ओळ माझ्या गळ्यातून निघाली नाही.

कडूबाने बाजेवरचा गूळ उचलला, पानाच्या फाटक्या कडा नीट मिटल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मग पागोट्याच्या पदरातून कागद काढला, घामाने पिवळा पडलेला, आणि गुळावर ठेवला. म्हणाला, ‘हा आपला कागद, साहेब. आपण एवढ्या उन्हात उगाच तसदी घेतलीत. पाणी घेता का?’

एकही चूक नव्हती. ‘आपण’मधला ण मी शिकवला होता तसा, जीभ वर वळवून. मी पायरीवर बसवून तीन दिवस जे त्याच्याकडून मागत होतो ते त्याने मला पुरतं दिलं.

मी पाणी प्यालो. भांडं खाली ठेवलं. गूळ आणि कागद हातात घेऊन निघालो. कागद गुळाला चिकटला होता आणि गूळ माझ्या बोटांना. अंगणातून गल्लीत आलो. गल्लीच्या टोकाला क्षणभर थांबलो, कान देऊन. सोमवारी ते पत्र जाईल, हे मला तिथेच कळलं. मागे कुणी हसलं नाही.